टीममधल्या एकाचा आवाज कान फाडतो, दुसऱ्याचा ऐकायलाच येईना : व्हॉइस चॅटची पातळी कशी जुळवायची?

शाहूपुरी_स्क्वाड
नमस्कार मंडळी. गेम खेळणारा पाच जणांचा ग्रुप आहे, बोलणं डिस्कॉर्ड या व्हॉइस चॅटच्या अॅपवर. तिघं पीसीवर, दोघं मोबाइलवर. गोळाबेरीज न करता एकेक लक्षण लिहितो.

'अ'चा आवाज इतका मोठा की हेडफोन काढून ठेवावा लागतो. त्याचा स्लायडर ४० टक्क्यांवर आणला, तर तो हळू बोलल्यावर काहीच कळत नाही. 'ब'चा स्लायडर २०० टक्क्यांवर नेला तरी विहिरीच्या तळातून बोलल्यासारखा येतो. 'क' इचलकरंजीचा, शेजारी माग चालू असतात, त्याचं निम्मं वाक्य गायब होतं. कोणीही बोललं की माझ्या पीसीवर गेमचा आवाज दबतो आणि पावलं ऐकू येत नाहीत. मोबाइलवाल्या दोघांचं म्हणणं, माईक चालू केला की गेमचा आवाजच पालटतो.

स्लायडर हलवून आज जमतं, उद्या परत तेच. सुरुवात कुठून करायची?

पत्र्याखालचा_माईक
भावा, ही पाच वेगळी दुखणी आहेत, एका गोळीनं जाणार नाहीत. आधी स्लायडरचं काम समजून घे. तो ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो आणि त्या माणसाचा सगळा आवाज सरसकट वर नाहीतर खाली करतो. 'अ'च्या कुजबुजीत आणि आरोळीत जे अंतर आहे, ते स्लायडरनं एक डेसिबलही कमी होत नाही. म्हणून सुरुवात बोलणाऱ्याच्या माईकपासून करायची आणि स्लायडरला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

पहिली गोष्ट अंतर. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलनं पडते. ३ सेंटिमीटरवरची दांडी १२ सेंटिमीटरवर सरकली की १२ डेसिबल गेले. कानाला १० डेसिबलचा फरक जवळपास निम्म्या आवाजाइतका वाटतो. तुझं 'आज जमतं, उद्या परत तेच' यातून येतं: हेडसेट रोज थोडा वेगळा बसतो. दांडी ओठांच्या कोपऱ्याजवळ दोन बोटं अंतरावर ठेवायची, तोंडाच्या बरोबर समोर नको, नाहीतर श्वास आणि 'प', 'फ', 'भ' धडाधड आदळतात.

दुसरी गोष्ट विंडोजमधली पातळी. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एमएमसिस डॉट सीपीएल टाइप करा. रेकॉर्डिंग टॅब, आपला माईक, प्रॉपर्टीज, मग लेव्हल्स. अॅनालॉग माईकला तिथं मायक्रोफोन बूस्ट दिसतो, बहुतेक ०, १०, २० आणि ३० डेसिबल अशा पायऱ्यांत. बूस्ट माईकबरोबर पंखा, ट्रॅफिक, सगळंच वर ओढतो. म्हणून मुख्य पातळी ८० च्या आसपास, बूस्ट शून्य, आणि कमी पडलं तरच १०. ३० डेसिबल बूस्ट लावावा लागत असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

आता मोजा. ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडून गेममध्ये बोलता तसंच बोलून रेकॉर्ड करा, वाचनाच्या आवाजात नको. नेहमीच्या बोलण्याची शिखरं उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये हवीत, आणि जोरात ओरडल्यावरही उणे ६ च्या वर जाऊ नयेत. मीटर शून्याला टेकला की आवाज फाटला. फाटलेला आवाज ऐकणाऱ्यानं कितीही बारीक केला तरी फाटकाच ऐकू येतो. 'अ'चं हेच होत असणार.

रंकाळा_पिंग
गेमचा आवाज दबतो ते दोन ठिकाणी तपास.

एक, त्याच साऊंडच्या खिडकीत कम्युनिकेशन्स टॅब. विंडोजला कॉल चालू आहे असं वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्के कमी करायचे, हे तिथं आधीपासून निवडलेलं असतं. शेवटचा पर्याय 'डू नथिंग' निवड.

दोन, डिस्कॉर्डच्या व्हॉइस सेटिंगमधलं अॅटेन्युएशन, म्हणजे कोणी बोललं की बाकीचे आवाज दाबणं. ते शून्यावर. खालच्या 'मी बोलताना' आणि 'इतर बोलताना' या दोन्ही खुणा काढून टाक.

एकच बदलून थांबू नको. दोन्ही चालू असतील तर एक बंद केल्यावर फरक अर्धवट पडतो आणि उगाच हेडफोनवर संशय जातो.

सर्किटवाली
'ब'बद्दल लिहिते. २०० टक्क्यांवरही लांबून आणि घुमल्यासारखा आवाज येत असेल, तर बहुतेक वेळा हेडसेटचा माईक ऐकतच नसतो. लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारचा माईक खोलीभरचा आवाज पकडत असतो. चाचणी सोपी. डिस्कॉर्डमध्ये माईक टेस्ट चालू करून हेडसेटच्या माईकवर नखानं टिचकी मारायची. पट्टी उसळली नाही आणि लॅपटॉपच्या वरच्या कडेवर टिचकी मारल्यावर उसळली, तर इनपुट डिव्हाइस चुकीचं निवडलंय. तिथं 'डिफॉल्ट' ठेवू नका, हेडसेटचं नाव थेट निवडा, नाहीतर केबल काढून परत लावली की विंडोज दुसरंच उचलतं.

डेस्कटॉप असेल तर पिन बघा. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे चार भाग. डेस्कटॉपच्या हिरव्या आणि गुलाबी भोकांना दोन रेघांची, तीन भागांची पिन लागते. चार भागांची पिन थेट गुलाबीत घातली तर माईकची तार ग्राउंडला टेकते आणि आवाज येत नाही. स्प्लिटर घ्या, पण बाजारात दिसायला सारखे दोन प्रकार मिळतात. आपल्याला हवा तो म्हणजे हेडसेट घालायला एक भोक आणि पीसीत घालायला दोन पिना. एक पिन आणि दोन भोकं असलेला उलट्या कामाचा आहे. दुकानात 'स्प्लिटर द्या' एवढंच म्हटलं तर कुठलाही हातात पडतो.

पिन पूर्ण बसलीय का तेही बघा. मोबाइलच्या जाड कव्हरमुळे ती एक मिलिमीटर बाहेर राहते आणि माईकचा संपर्क येत-जात राहतो.

शाहूपुरी_स्क्वाड
ताई, नखाची चाचणी लागू पडली. 'ब'चा लॅपटॉपचाच माईक चालू होता. गेम दबायचंही थांबलं. पण 'अ'ची शिखरं उणे ८ वर आणली तर त्याचं हळू बोलणं उणे ३५ ला जातंय. माणूसच तसा आहे, शत्रू दिसला की गल्लीभर ऐकू जातं.

पत्र्याखालचा_माईक
मग त्याला कंप्रेसर लाव. एका रेषेच्या वर गेलेला आवाज तो ठरलेल्या प्रमाणात दाबतो. रेष उणे २४ डेसिबलवर आणि प्रमाण ४ ला १ ठेवलं, तर रेषेच्या १२ डेसिबल वर गेलेली आरोळी फक्त ३ डेसिबल वर राहते. मग एकूण पातळी ६ ते ८ डेसिबलनं उचलायची. कुजबुज वर येते, आरोळी जागेवर राहते.

त्यासाठी ओबीएस (रेकॉर्डिंग-स्ट्रीमिंगचं सॉफ्टवेअर) आणि व्हीबी केबल (एका अॅपचा आवाज दुसऱ्यात नेणारी सॉफ्टवेअरमधली तार), दोन्ही फुकट. क्रम असा. ओबीएसमध्ये 'अ'चा माईक ऑडिओ इनपुट म्हणून घ्या आणि त्याच्या फिल्टर्समध्ये जा. सगळ्यात वर नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट काढणारं), त्याखाली कंप्रेसर, त्याखाली लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊ न देणारा). कंप्रेसर उघडला की प्रमाण १० ला १ दिसेल. गेमच्या बोलण्याला ते फार होतं, आवाज चेपून निर्जीव होतो. ४ ला १ करा. थ्रेशोल्ड, म्हणजे ती रेष, उणे १८ असतो, तो उणे २४. अॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) ६ मिलिसेकंद आहे तो राहू द्या. रिलीज (दाब सोडायचा वेळ) ६० चा १२० करा, नाहीतर शब्दाशब्दाला आवाज हेलकावतो. आउटपुट गेन ६. लिमिटर उणे ६ वर, तो आहे तसाच चालतो.

मग ओबीएसच्या ऑडिओ सेटिंगमध्ये मॉनिटरिंग डिव्हाइस म्हणून केबल इनपुट निवडा, आणि अॅडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये त्या माईकपुढं 'मॉनिटर ओन्ली'. डिस्कॉर्डचं इनपुट म्हणजे केबल आउटपुट. नावं उलटी वाटतात, पण तारेच्या एका टोकात आवाज जातो आणि दुसऱ्यातून निघतो, एवढं धरून चाला. सगळीकडे सॅम्पल रेट ४८००० हर्ट्झ ठेवा. एकीकडे ४४१०० आणि दुसरीकडे ४८००० असलं की कधीकधी कटकट आवाज येतो.

फिल्टरचा क्रम उलटा झाला तर काय होतं? कंप्रेसर आधी आला की तो पंख्याची घरघर शब्दांच्या बरोबरीला आणतो आणि मागून येणाऱ्या सप्रेशनला आवाज कुठला, घरघर कुठली, हे वेगळं काढणं अवघड होतं.

हे लावल्यावर डिस्कॉर्डचं ऑटोमॅटिक गेन कंट्रोल (माईकची पातळी आपोआप वर-खाली करणारी सोय) बंद करायलाच पाहिजे. दोघंही आवाज ओढायला लागले की एक वर नेतो, दुसरा खाली आणतो, आणि ऐकणाऱ्याला आवाज सतत फुगताना-बसताना जाणवतो.

रंकाळा_पिंग
या ऑटो गेनवर थोडं जास्त लिहायला पाहिजे, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथं असतं.

ऑटो गेन चालू असताना माणूस गप्प राहिला की सॉफ्टवेअर हळूहळू पातळी वर चढवू शकतं. पुढचा शब्द मग चढलेल्या पातळीवर येतो आणि धाडकन आदळतो. त्यावर सॉफ्टवेअर दचकून पातळी खाली आणतं आणि चौथा-पाचवा शब्द बारीक. पहिला शब्द मोठा आणि पुढचे बारीक, ही खूण दिसली की ऑटो गेनच समजायचं. हेडसेटचं स्वतःचं सॉफ्टवेअर, विंडोजच्या एन्हान्समेंट्स, चॅटचं अॅप आणि गेम, या चारही ठिकाणी असं काहीतरी असू शकतं. एकाच ठिकाणी ठेवा. माझं मत विचाराल तर कंप्रेसर असेल तिथं शून्य ठिकाणी.

अजून एक. काही अॅप, विशेषतः ब्राउझरमधल्या मीटिंगा, विंडोजचा माईक स्लायडर स्वतःच ओढतात. दुपारी ऑनलाइन क्लास झाला आणि रात्री गेममध्ये आवाज ८० वरून ३५ वर, असं होतं ते यामुळं. त्या अॅपमधलं आपोआप जुळवणं बंद करा. माईकच्या प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड टॅबवर 'एक्स्क्लुझिव्ह कंट्रोल'ची खूणही काढा.

शाहूपुरी_स्क्वाड
'अ' ओबीएस लावायला तयार नसेल तर? ऐकणाऱ्याच्या बाजूनं काही होतं का? विंडोजमध्ये लाउडनेस इक्वलायझेशन दिसतंय.

पत्र्याखालचा_माईक
ते लावू नको. ते संपूर्ण हेडफोनवर चालतं, म्हणजे गेमवरही. लांबची पावलं आणि जवळची गोळी एकाच उंचीची व्हायला लागतात आणि शत्रू किती लांब आहे याचा अंदाज जातो.

फक्त चॅटला वेगळी वाट दे. डिस्कॉर्डचं आउटपुट केबल इनपुटवर. व्हॉइसमीटर बनाना (आवाजाचं मिक्सर सॉफ्टवेअर) घे. त्याच्या एका हार्डवेअर इनपुटवर केबल आउटपुट, आणि ए१ वर तुझा हेडफोन, नावापुढं डब्ल्यूडीएम असलेला. हार्डवेअर इनपुटच्या पट्टीवर कॉम्प नावाची खुंटी असते, तिथं ३ ते ४. त्यापुढं नेलं की श्वासही ऐकू येतात. गेमचं आउटपुट थेट हेडफोनवर राहू दे. चॅटला थोडा उशीर लागेल, बोलण्यात तो कळत नाही. गेम त्या वाटेनं गेला असता तर कळला असता.

इचलचा_लूम
'क'चं मी सांगतो. साध्या मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. शेजारच्या घरात तो कमी होतो, पण त्याचा पोत तोच राहतो: खटखट, तुटक. नॉइज सप्रेशनला पंखा किंवा कूलर सोपा, कारण तो एकसुरी. मागाची खटखट 'ट', 'क', 'च' सारखी वाटते, म्हणून सॉफ्टवेअर कधी खट सोडून देतं, तर कधी तुमचा शब्दच खातं. हेडसेटचं सप्रेशन आणि डिस्कॉर्डचं क्रिस्प (तिथलं नॉइज सप्रेशन) दोन्ही एकावर एक लावले की उरलेलं बोलणंही तुटतं. एकच ठेवा.

वाक्य निम्मं जायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपल्या बोलण्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात, आणि वाक्याच्या शेवटी आवाज आपसूक उतरतो. 'तिथं कोण नाही' यातलं 'नाही' संवेदनशीलतेच्या (किती आवाजाला माईक उघडायचा त्या) रेषेखाली जातं, माईक बंद होतो आणि टीमला ऐकू येतं 'तिथं कोण'. पुढं काय होतं ते सांगायला नको.

उपाय: इनपुट सेन्सिटिव्हिटी आपोआप ठरवायची खूण काढा. माग चालू असताना गप्प बसून पट्टी कुठपर्यंत उडते ते बघा, मग हळू बोलून बघा. समजा खटखट उणे ५० आणि हळू बोलणं उणे ३५, तर रेष उणे ४५. दोन्हीतलं अंतर १० डेसिबलपेक्षा कमी असेल तर रेष कुठंही ठेवा, काहीतरी तुटणारच. तिथं पुश टू टॉक. खटक्यावर बोट ठेवूनच बोलायचं. आणि त्याचा रिलीज डिले वाढवायचा; तो २० मिलिसेकंद असतो, २५० करा. नाहीतर बोट लवकर सुटलं की 'नाही' परत गेलं.

ओबीएसमधलं नॉइज गेट (आवाज रेषेखाली गेला की माईक बंद करणारं) वापरणाऱ्यांनी होल्ड, म्हणजे बंद होण्याआधी थांबायचा वेळ, २०० चा ४०० मिलिसेकंद करावा, कारण तेच.

महागडा माईक घेऊन माग थांबत नाही. डायनॅमिक माईक आजूबाजूचं कमी पकडतो असं म्हणतात, त्यातलं खरं एवढंच की तो तोंडाजवळ धरून वापरायचा असतो. हाताभर लांब ठेवला तर त्यातही मागच ऐकू येतो.

कळंबा_ब्लूटूथ
मोबाइलवाल्यांसाठी.

अँड्रॉइडमध्ये मीडियाचा आवाज वेगळा आणि कॉलचा वेगळा. माईक उघडला की फोन बऱ्याचदा कॉलच्या अवस्थेत जातो. म्हणून गेमचा आवाज पालटतो आणि आवाजाची बटणं कॉलची पट्टी हलवतात. लॉबीत माईक बंद असताना पट्टी जुळवली तर ती जुळवणी मॅचमध्ये लागू होत नाही. माईक चालू करूनच बटणं दाबा. कॉलची पट्टी शून्यापर्यंत जात नाही, त्याला इलाज नाही.

ब्लूटूथ असेल तर अजून एक घाव. गाणी ऐकताना हेडफोन ज्या पद्धतीनं जोडलेला असतो तिच्यात माईकची सोय नाही. माईक लागला की तो हँड्स-फ्री पद्धतीत उतरतो, म्हणजे एकच चॅनल आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झ. डावी-उजवी दिशा संपली. पीसीवरही हेच होतं. तिथं हेडफोन फक्त ऐकायला ठेवून माईक दुसरा निवडता येतो. मोबाइलवर सरळ वायरवाला हेडसेट घ्या. टाइप सी वाला चालतो.

बीजीएमआय गेमचं आतलं व्हॉइस आणि डिस्कॉर्ड एकदम चालू ठेवू नका. अँड्रॉइड १० पासून दोन साध्या अॅपना एकाच वेळी माईक मिळत नाही. एकाला बोलणं मिळतं, दुसऱ्याला शांतता. तुम्ही बोलताय आणि टीमला वाटतं गडी गेला. गेममधला माईक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

राजारामपुरी_लॅन
कॅफेत पाच जण एका रांगेत बसून एकाच चॅनलवर असतील तेव्हा काय? शेजाऱ्याचा आवाज दोनदा येतो.

सर्किटवाली
तुमच्या माईकमधून शेजारी जातोय. माईकची पातळी उतरवा, दांडी अजून जवळ घ्या, एवढ्यानंच शेजारी आणि तुम्ही यातलं अंतर वाढतं. ऑटो गेन पूर्ण बंद, कारण तुम्ही गप्प असताना ते शेजाऱ्यालाच वर चढवतं. पुश टू टॉक सगळ्यांना. इको कॅन्सलेशन इथं कामाचं नाही. ते तुमच्या स्पीकरमधून आलेला आवाज काढतं, शेजारच्या खुर्चीतला नाही.

सगळ्यांच्या मागं घुंई असा एक सूर येत असेल तर अर्थिंग बघा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घुंई थांबली तर दोष बोर्डाच्या अर्थिंगचा किंवा चार्जरचा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनेच्या प्लगची अर्थ पिन तोडून दोन पिनेच्या बोर्डात बसवायचा उद्योग कोणी करू नका, त्यात शॉक बसायचा धोका आहे. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकवर माउस हलवला की चिरचिर येत असेल, तर यूएसबी साऊंड कार्ड लावा. साधं चालतं.

रंकाळा_पिंग
जीटीएच्या रोलप्ले सर्व्हरवर खेळणाऱ्यांनी ही सगळी खटपट करायच्या आधी एक बघा. तिथं आवाज अंतराप्रमाणे मुद्दाम कमी होतो, आणि कुजबुज, साधं, ओरडणं असे टप्पे असतात. समोरचा कुजबुजीच्या टप्प्यावर अडकला असेल तर त्याच्या माईकमध्ये काही दोष नाही.

शाहूपुरी_स्क्वाड
सगळे बदल झाले की पाच जणांना एका पातळीवर आणायचं कसं? प्रत्येक जण म्हणतो 'माझा बरोबर आहे'.

पत्र्याखालचा_माईक
एक पंच नेमा. पंचानं सगळ्यांचे स्लायडर १०० वर आणायचे आणि पूर्ण वेळ एकच हेडफोन वापरायचा. ज्याचा माईक सगळ्यात स्वच्छ त्याला माप धरायचं. प्रत्येकानं तेच वाक्य गेमच्या आवाजात, मग हळू, मग ओरडून म्हणायचं: 'डावीकडं दोघं आहेत, पुढं जाऊ नको, तिथं कोण नाही.' पंचाला शेवटचं 'नाही' ऐकू आलं पाहिजे, तिन्ही वेळा.

कमी-जास्त वाटलं तर बोलणाऱ्यानं आपल्या विंडोजमध्ये बदलायचं, पंचानं स्लायडरला हात लावायचा नाही. मोबाइलवाल्यांना विंडोज नाही, त्यांनी माईकचं अंतर कमी-जास्त करावं. एवढं झाल्यावर उरलेला फरक प्रत्येकानं आपापल्या स्लायडरनं काढायचा. तो ८० ते १२० च्या आत बसायला हवा. एखाद्यासाठी १५० लागत असेल तर त्याच्या माईककडं परत जा.

इचलचा_लूम
पावसाळ्यात पत्र्याच्या घरातून खेळणाऱ्यांनी काय करायचं? सर आली की रेष हलते, थांबली की परत.

पत्र्याखालचा_माईक
पत्र्यावरच्या पावसाला कायमची रेष बसतच नाही. रिपरिप असताना उणे ४५ चालतं, मोठी सर आली की माईक आपोआप उघडा राहतो आणि टीमला नुसता पाऊस. जून ते सप्टेंबर पुश टू टॉक, डिले २५० ते ३००. पाऊस एकसुरी असतो, सप्रेशनला मागापेक्षा सोपा जातो, म्हणून क्रिस्प चालू ठेवायला हरकत नाही. माईकवर स्पंजची टोपी घालायची ती श्वासासाठी, पावसाला तिचा उपयोग नाही. पातळी वाढवायची नाही. दांडी दोन बोटांवरून एका बोटावर आणायची, म्हणजे तुझा आवाज ६ डेसिबलनं चढतो आणि पाऊस आहे तिथंच राहतो.